वाडी रमचा मंगळ कोणी केला?

पाऊलवाट_पुणे (धागाकर्ता)

महिनाभर डोक्यात घोळतंय, म्हणून काथ्याकुटात टाकतोय.

मार्चमध्ये जॉर्डनला जाऊन आलो, तिथल्या वाडी रमच्या वाळवंटात दोन रात्री राहिलो. आपल्यातले हौशी फोटोवाले आणि साय-फायचे भक्त (बहुतेकदा दोन्ही एकच माणूस) तिथून जे फोटो आणतात ते बघूनच बेत आखला होता. तुम्हीही पाहिले असतील: नारिंगी आभाळ, नारिंगी वाळू, मधोमध पाठमोरा एकटा इसम आणि खाली 'द मार्शन' नाहीतर 'ड्यून'चं नाव. दोन्हींचं शूटिंग तिथे झालंय, त्याबद्दल वाद नाही.

पोचलो तर आभाळ निळं. दसऱ्याच्या आसपास आपल्याकडे असतं तसं धुतलेलं निळं! वाळू एका ठिकाणी विटकरी, जीप दहा मिनिटं पुढे गेली की साईसारखी, मध्येच गुलाबी. कडे जागोजागी पोखरलेले, मधमाश्यांचं पोळं उभं चिरल्यासारखे. मग खझालीच्या घळीत गेलो. तिथे दगडावर माणसं कोरलीत, पावलांचे जोड कोरलेत, जुनी अक्षरं आहेत. आमचा बदू (वाळवंटातल्या भटक्या अरब जमातीचा) गाइड दगडाला बोट न टेकवता एकेक दाखवत होता. उजेड तिरपा येत होता म्हणून ते दिसत होतं. जरा बाजूला सरकलं की सपाट दगड.

रात्री कॅम्पवर चहा पिता पिता गंमत म्हणून एक विकतचा प्रीसेट (एका टिचकीत फोटोचे रंग बदलणारी तयार सेटिंग) त्या फोटोवर टाकून पाहिला. कोरीवकाम गायब. सावल्या काळ्या ठिक्कर, बाकी सगळा गाजरहलवा.

तर माझं म्हणणं एवढंच: सिनेमावाल्यांनी आभाळ बदललं ते मंगळ दाखवायला. पडद्यावर त्यांनी 'जॉर्डन' असं लिहिलं नव्हतं. तुम्ही खाली 'वाडी रम, जॉर्डन' लिहिता आणि वर मंगळ चिकटवता. याला मराठीत थाप म्हणतात. खरडा आता.

चौथी_मिती

'थाप' शब्द माझ्यासाठी आहे हे कळलं, गेल्या दिवाळीतला तो पाठमोरा इसम मीच. :)

मुद्द्यावर येतो. जागेचा 'खरा' रंग म्हणजे काय हो? लडाखमध्ये हानलेला जाऊन डोळ्यांनी आकाशगंगा बघा. धुरकट पांढरा पट्टा दिसतो, कारण अंधारात आपल्या डोळ्यांना रंग जवळपास कळतच नाहीत. वीस सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये कॅमेऱ्याला तांबूस, जांभळट सगळं दिसतं. खोटं कोण? डोळा की कॅमेरा?

तुमचा मंगळच घ्या. १९७६ च्या जुलैमध्ये नासाचं व्हायकिंग-१ यान तिथे उतरलं आणि तिथून पहिला रंगीत फोटो आला तो निळसर आभाळाचा. रंग जुळवणाऱ्यांनी नकळत आपल्या ओळखीचं आभाळ तिथे नेऊन ठेवलं होतं. मग दुरुस्ती झाली, आभाळ गुलाबीसर निघालं आणि जमलेल्या पत्रकारांनी गमतीत हुर्यो उडवली. प्रत्यक्ष मंगळावर यान उभं असताना ही गत, तर माझ्या प्रीसेटवर कसली एवढी खप्पा मर्जी?

आणि हे आजचं नाही. '२००१: अ स्पेस ओडिसी' १९६८ चा. त्याच्या शेवटाकडे जी परग्रहावरची भूमी दिसते, त्यातली काही दृश्यं स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवरून विमानातून घेतलेली आहेत, रंग उलटेपालटे करून. मी ते शाळेत असताना दूरदर्शनवर पाहिलं आणि तेव्हापासून प्रत्येक डोंगराकडे 'हा दुसऱ्या ग्रहावर कसा दिसेल' असंच बघतो. मी वाडी रमला गेलो तो असा बघत. माझा फोटो माझ्या बघण्याचा आहे.

पाऊलवाट_पुणे

व्हायकिंगचं उदाहरण माझ्याच बाजूने दिल्याबद्दल आभारी आहे. चूक कळल्यावर त्यांनी दुरुस्त केली ना? हुर्यो सोसून केली. मी तेच तर मागतोय.

रॉ_फाइल

धागाकर्त्याला +१. आणि प्रीसेट परवडला म्हणायची वेळ आलीय, आता तर आख्खं आभाळच दुसरीकडून आणतात.

दर उन्हाळ्यात हरिश्चंद्रगडाचे फोटो येतात. कोकणकडा, टोकाला हेडलॅम्प लावलेला गडी, डोक्यावर आकाशगंगा. परवा एकात तो धनु राशीकडचा जाडजूड भाग कड्याच्या उजव्या हाताला उभा होता. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे राव! उजवीकडे म्हणजे वायव्य. आकाशगंगेचा तो भाग आपल्याकडून दक्षिण आकाशात दिसतो, मावळतो नैऋत्येच्या बाजूला. वायव्येला तो उभ्या जन्मात जाणार नाही. खाली साडेचारशे 'अप्रतिम', 'निःशब्द'. मी दिशा विचारली तर उत्तर आलं, "कलेला दिशा नसते काका."

काका कुणाला म्हणतो रे!

मेहकरकर

मी लोणारच्या बाजूचा. आमचं दुखणं वेगळं आहे ते ऐका.

२०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खारात जगणारे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून सांगितलं. थोड्या दिवसांनी रंग ओसरला. विषय संपला. पण फोटो कुठे संपतात? लॉकडाऊन उठल्यावर जो येतो तो काठावर उभा राहून विचारतो, "गुलाबी कुठंय?" जसं काही आम्हीच बटण बंद केलंय. माझ्या भाच्याचा तिथे चहाचा गाडा आहे. तो आता सांगतो, "साहेब, मोबाइलमध्ये आहे, तिथं करून घ्या." आणि लोक खरंच करून घेतात! वर लिहितात 'एलियन प्लॅनेट, महाराष्ट्र'.

अहो, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर आहे, आकाशातून दगड पडून काळ्या कातळात झालेलं. याहून जास्त परग्रहाचं काय पाहिजे? खाली उतरा, बाभळीत काटे टोचून घ्या, पाण्याचा तो खाऱ्या सोड्यासारखा वास घ्या. दैत्यसूदनाच्या देवळात छताकडे मान वर करून बघा. ते कोणी टाकत नाही, कारण आत उजेड कमी आणि गुलाबी काही नाही.

चौथी_मिती

मेहकरकर, तुमचं पटलं. नसलेला रंग दाखवून माणसं बोलवायची हे वाईटच. पण मी कोणाला बोलावत नाहीये, मी सिनेमाच्या वेडातून एक चित्र करतोय.

मिलपिटासची_माई

एरवी मी फक्त पाककृती वाचायला येते, पण यात मला बोललंच पाहिजे.

९ सप्टेंबर २०२०. सकाळी उठले तर खिडकीबाहेर नारिंगी. पहाट म्हणून नाही, चांगले नऊ वाजून गेलेले. आमच्या कॅलिफोर्नियातल्या बे एरियावर वणव्यांचा धूर वर आणि समुद्रावरचं धुकं खाली असा थर बसला होता, त्यातून फक्त तांबडं-नारिंगी तेवढं झिरपत होतं. रस्त्यावरचे दिवे लागलेले. मी ओट्यावरचा दिवा लावून फोडणी केली, तर हळद टाकली की नाही तेच कळेना. मुलाची शाळा तेव्हा ऑनलाइन. त्याच्या वर्गातली सगळी पोरं आपापल्या खिडक्या एकमेकांना दाखवत होती.

फोन काढला, फोटो काढला, नाशिकला आईला पाठवला. तिचं उत्तर: "धुकं पडलंय का गं? स्वेटर घाल."

बघते तर फोटोत नुसतं करडं, मळकट आभाळ! फोनने आपल्या अकलेने ठरवलं की एवढं नारिंगी काही असू शकत नाही, घरातला पिवळा बल्ब असणार, आणि रंग 'सुधारून' टाकला. इकडे सगळ्यांचं तेच झालं होतं. मग मुलाने दुसऱ्या ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स (कुठल्या उजेडाला पांढरं धरायचं ते) हाताने उन्हाचा लावून दिला आणि पुन्हा फोटो काढला. तो खिडकीतल्यासारखा आला, अगदी तस्सा. तो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. पहिला प्रतिसाद ह्यूस्टनहून: "छान फिल्टर गं!"

आता सांगा, न रंगवलेला माझा फोटो खोटा होता आणि रंगवलेला खरा. धागाकर्ते, तुमच्या नियमात मी कुठे बसते?

चौथी_मिती

माई, दंडवत घ्या. याच दिवसाची वाट बघत होतो.

पुढचं मी सांगतो. त्याच दिवशी कोणीतरी सॅन फ्रान्सिस्कोवरून ड्रोन फिरवला, त्या चित्रणाला 'ब्लेड रनर २०४९'चं संगीत लावलं आणि ते जगभर फिरलं. लोक म्हणाले, सिनेमा खरा झाला. पण त्या सिनेमातलं नारिंगी लास वेगस आलं कुठून? २००९ च्या सप्टेंबरात सिडनीवर धुळीचं वादळ आलं होतं, सगळं शहर लाल. छायालेखक रॉजर डीकिन्स आणि मंडळींनी त्या वादळाची चित्रं समोर ठेवून तो रंग बसवला. म्हणजे रंग खऱ्या आभाळातून फोटोत, फोटोतून सिनेमात, आणि सिनेमातून पुन्हा खऱ्या आभाळाखाली उभ्या माणसांच्या तोंडी. यात 'जागेचा रंग' आणि 'सिनेमाचा रंग' अशी सुरी कुठे फिरवणार?

रॉ_फाइल

सुरी सोपी आहे. सिडनीत धूळ होती. कॅलिफोर्नियात धूर होता. तुझ्या वाडी रममध्ये काय होतं? दीडशे रुपयांचा प्रीसेट.

डोंगरवेडी

(पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितेय.)

मला रंगाचं एवढं वाटत नाही, फ्रेमचं वाटतं. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून बाराएक किलोमीटरवर स्केलिग मायकल म्हणून खडक आहे. 'स्टार वॉर्स'मधल्या 'द फोर्स अवेकन्स'च्या शेवटी दिसतो तो. जुन्या काळच्या ख्रिस्ती साधूंनी सहाशेच्या वर पायऱ्या रचून वर दगडी घुमट्या बांधल्यात, चुना नाही, माती नाही, आणि अजून उभ्या आहेत. दिवसाला १८० च माणसं उतरवतात. आमच्या बोटीत निम्मे जण फक्त 'ती' पायरी शोधत होते, जिथे शेवटचा प्रसंग झाला. रांग! पाठमोरं उभं राहायचं, हात पुढे करायचा, पुढचा. पायाशी पफिन पक्षी बसलेले, चोचीत चंदेरी मासे धरून, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नाही. गंमत म्हणजे शूटिंगच्या वेळी हेच पक्षी मध्ये मध्ये येत होते आणि त्यांना हलवता येईना, म्हणून पुढच्या भागात 'पोर्ग' नावाचा प्राणीच घातला. सिनेमावाल्यांनी निदान पक्षी पाहिला तरी.

पण उलटंही सांगते. ट्युनिशियात 'स्टार वॉर्स'मधलं ल्यूकचं ते घुमटवालं घर मिठागराच्या वाळवंटात ढासळत होतं, ते २०१२ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून, स्वतः जाऊन गिलावा करून उभं केलं. नकली घर, पण माया खरी. त्यामुळे चाहत्यांना सरसकट झोडपू नका.

पाऊलवाट_पुणे

माईंच्या प्रश्नावर दोन दिवस गप्प बसलो, कारण उत्तर येत नव्हतं. आता देतो.

माई, तुम्ही रंग सरकवलात तो खिडकीकडे बघून. चौथी_मिती सरकवतात तो सिनेमाकडे बघून. बोट तेच, स्लायडर तोच, पण नजर कुठे होती याला मी महत्त्व देतो. तुमच्या फोटोची थाप होत नाही. माझा नियम मी असा सुधारून घेतो: रंगवा, पण खिडकीकडे बघत.

चौथी_मिती

सुंदर वाक्य आहे, टी-शर्टवर छापा. पण मार्चमधली सहल तुम्ही मेमध्ये एडिट करता. तेव्हा कुठली खिडकी? समोर बाणेरचा ट्रॅफिक. उरते ती आठवण, आणि माझ्या आठवणीत वाडी रम नारिंगीच आहे. खोटं नाही सांगत. संध्याकाळी पाचच्या पुढे ऊन कलल्यावर अर्धा तास सगळं खरंच तसं होतं.

बाय द वे, एक विचारू? तुमचा २०१८ चा कासचा फोटो, जो इथे गाजला होता. तेरड्याचा गुलाबी गालिचा, वर गडद आभाळ. पोलरायझर होता ना?

पाऊलवाट_पुणे

होता.

रॉ_फाइल

पोलरायझर चालतो हो. तो भिंगासमोर असतो, तो चकाकी कापतो, रंग आणत नाही. गॉगल घातला म्हणून कोणी खोटं बोलत नाही.

चौथी_मिती

मान्य. आणि कुंपण? त्या वर्षी मी पण गेलो होतो. त्या कोनातून तारेचं कुंपण आल्याशिवाय फोटो येऊच शकत नाही. मी झोपून पाहिलंय, कुबडीवर कॅमेरा लावून पाहिलंय.

डोंगरवेडी

अरे देवा. (नवीन पॉपकॉर्न.)

पाऊलवाट_पुणे

पुसलं होतं. तार आणि तीन खांब. शिवाय डाव्या कोपऱ्यात एक काकू बसल्या होत्या सेल्फी काढत, फुलांवरच. त्यांनाही.

काकूंना पुसल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

मिलपिटासची_माई

काकू ठेवायला हव्या होत्या. फुलांवर कोण बसतं ते तरी कळलं असतं.

मेहकरकर

माई बरोब्बर बोलल्या. बाकी, मंडळी, पावसाळ्यानंतर लोणारला या सगळे. चौथी_मिती, तुम्ही प्रीसेट आणा, धागाकर्ते पोलरायझर आणतील. तळं हिरवं असेल, आधीच सांगून ठेवतो. चहा भाच्याकडे, आणि तो आता फोटोत येण्याचे दहा रुपये वेगळे घेतो.