बादली ब्लीचने धुतली तरी बिअर आंबट का?

ब्लीच वापरूनही घरी बनवलेल्या बिअरची दुसरी बॅच आंबट गेली म्हणताय, तर माझा संशय बिअर आंबवायच्या बादलीच्या खालच्या नळावर आहे. तो कधी उघडलाय का? मी इथे न्यू जर्सीत बेसमेंटमध्ये बनवतो, माझ्या पण दोन बॅच अशाच गेल्या आणि शेवटी नळ पान्याने सोडवला तर आत वॉशरच्या मागे तपकिरी चिकट साय, वास तर विचारूच नका. मळावर सॅनिटायझर ओतून काही होत नाही हो, आधी ऑक्सिजनवाल्या क्लीनिंग पावडरच्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं, खळखळून धुवायचं आणि मगच स्टार सॅन (नंतर धुवावं न लागणारं आम्लवालं सॅनिटायझर), ४ लिटर पाण्याला साधारण ६ मिली, दोन मिनिटं ओलं राहिलं की बास. फेस राहिला तरी परत पाण्याच्या नळाखाली धरू नका, केलेलं सगळं फुकट जातं. आणि प्लास्टिकची बादली तारेच्या काथ्याने घासली असेल तर सरळ नवीन घ्या, त्या ओरखड्यांत जंतू लपून बसतात. ब्लीच आणि स्टार सॅन मात्र चुकूनही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. वर्ट (म्हणजे बिअर बनायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) उकळेपर्यंत एवढी चिंता नाही, ते थंड झाल्यावर जे जे लागेल ते सगळं सॅनिटाइझ, अगदी यीस्टचं पाकीट कापायची कात्रीसुद्धा.