तांबेरा: वाणाची ताकद उतरते, की बुरशी बदलते?

अंकुर
गव्हाच्या दोन ओळी (पैदाशीतले वाण) खोडावरच्या तांबेऱ्यासाठी, म्हणजे एका बुरशीजन्य रोगासाठी, तपासल्या. पहिलीवर रोपावस्थेत नुसते फिकट ठिपके, फोड नाहीत. शेतात मात्र ओंबी आल्यावर ६० टक्के रोग, फोडही मोठे. दुसरी रोपावस्थेत सपशेल बळी (प्रकार ४, म्हणजे मोठे फोड), पण शेतात २० टक्क्यांपुढे जात नाही. पहिलीची प्रतिकारक्षमता कमी झाली का? आणि दोन-तीन प्रतिकारक जनुकं एकत्र आणली की प्रश्न कायमचा सुटतो का?

कुसळ
बियाणं शुद्ध असेल तर वाण होतं तसंच आहे. पहिल्या ओळीत बहुधा एकच प्रभावी जनुक आहे. असं जनुक बुरशीचं एक ठरावीक प्रथिन ओळखतं आणि तिथल्या पेशी मारतं. तेच ते ठिपके. बुरशीतलं ते प्रथिन बदललं किंवा बंद पडलं की ओळख संपली. एसआर३५ हे असंच एक जनुक (एसआर, एलआर ही तांबेराविरोधी जनुकांची नावं). त्याला चकवणाऱ्या काही रेसमध्ये (बुरशीच्या उपप्रकारांत) त्या प्रथिनाच्या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसलेला सापडला आहे.

युरेडोबीजाणूत (फोडांतून पसरणाऱ्या बीजाणूत) दोन केंद्रकं असतात, म्हणून सहसा दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. पण एक आधीच बिघडलेली असेल तर चाचणीत ती रेस निरुपद्रवीच दिसते, आणि पुढे एकच बदल पुरतो. एरवी नव्या जुळण्या बार्बेरी या झुडपावरच्या लैंगिक अवस्थेत होतात. पण दोन रेसची केंद्रकं थेट अदलाबदल होऊनही होतात. युजी९९ या रेसचं एक केंद्रक एका जुन्या रेसच्या केंद्रकाशी जवळजवळ तंतोतंत जुळतं, हे २०१९ मध्ये दिसलं. युजी९९ हीच रेस १९९८ मध्ये युगांडात एसआर३१ असलेल्या गव्हावर आढळली होती. केनियात २००६ पर्यंत तिच्या कुळाने एसआर२४लाही चकवलं.

पेरं
निष्कर्षाआधी एक तपासा: रोपांवर वापरलेली रेस आणि शेतातली रेस एकच होती का? शेतातल्या पहिल्या ओळीवरच्या एकाच फोडातून बीजाणू घेऊन वाढवा. एका पानावर प्रकार १ (अगदी बारीक फोड) आणि ४ शेजारी दिसले तर बहुधा मिश्रण आहे. पुन्हा एका फोडापासून सुरुवात.

७-८ दिवसांच्या रोपांवर बीजाणू हलक्या खनिज तेलात फवारा, तेल पूर्ण उडू द्या. मग रात्रभर अंधारात १८-२० अंशांना दव. सकाळी पानं ओली असतानाच ३-४ तास उजेड द्या. या बुरशीला पानात शिरताना उजेड लागतो. ही पायरी चुकली की रोप उगाच प्रतिकारक वाटतं. नोंद १४व्या दिवशी. तापमानही लिहून ठेवा: एसआर६ थंडीत चालतं, २५ अंशांच्या आसपास ढेपाळतं, आणि मग दोष नव्या रेसला दिला जातो.

ओंबी
दुसरी ओळ मला जास्त मोलाची वाटते, पण आधी खात्री हवी. शेजारचं रोगप्रवण वाण ८०-१०० टक्क्यांवर गेलं होतं का? नसेल तर २० टक्के म्हणजे प्रतिकार नव्हे, रोगाच्या तडाख्यातून नुसती सुटका असू शकते, विशेषतः ओळ लवकर पिकणारी असेल तर. एका नोंदीवर जाऊ नका. दर ७-१० दिवसांनी नोंदवून रोगाचा चढ पाहा.

चढ खरंच मंद असेल तर एसआर२ किंवा एलआर३४सारखी मोठ्या झाडात काम करणारी जनुकं असावीत. तुसांवर आणि पेऱ्यांखाली काळपटपणा दिसला तर एसआर२चा संशय घ्या, पानाची टोकं वाळली तर एलआर३४चा. एलआर३४ विशिष्ट प्रथिन ओळखत नाही, ते पेशीतलं वाहक प्रथिन बनवतं. दशकानुदशकं वापरूनही ते टिकलं आहे. मात्र रोगाचा जोर असला की एकटं पुरत नाही. अशी चार-पाच जमली की रोग नावापुरता राहतो.

अंकुर
मग पहिल्या ओळीतल्यासारखी मोठी, म्हणजे एकट्याने रोग अडवणारी जनुकं जोडून उपयोग नाही?

कुसळ
आहे, पण अट आहे. एका जनुकाला चकवणारा बदल दहा लाख बीजाणूंत एकदा होतो असं धरलं, तर दोन्ही बदल एकत्र येण्याची शक्यता लाख कोटीत एक. तीच दोन जनुकं इतर वाणांत एकेकटी पेरली गेली, तर हे गणित कोसळतं. बुरशी आधी एक पायरी चढते, मग दुसरी. म्हणून जोडीतलं कोणतंही जनुक एकटं प्रसारित करू नये, आणि जोडी एसआर२ असलेल्या ओळीतच भरावी. तुमच्या दोन ओळींचा संकर करायचा असेल तर पहिलीचं जनुक कामाचं नाही. मोठं जनुक शेतातल्या नव्या रेसवर तपासून घ्या.