बारागाड्या : नवस भगताचा, पाय कोणाचा?

गिरणाकाठ
यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात बारागाड्या ओढल्या. पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगतो : बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधतात. बैल नाहीत. गाड्यांवर माणसं खचाखच. हळद माखलेला भगत, दोन्ही अंगांना धरायला बगले, आणि येळकोटाच्या गजरात सगळं धावत सुटतं. आमच्याकडे पाराजवळ उतार लागतो. तिथून गाड्या भगत ओढत नाही, गाड्याच त्याला ढकलतात. ब्रेक कुठला! सातव्या गाडीला लटकलेला माझा भाचा, वय 14, खाली पडला आणि आठवीचं चाक घोट्यावरून गेलं. त्याची चप्पल चाकाला चिकटून पारापर्यंत गेली.

पंचांना म्हटलं, पुढच्या साली गाड्या रिकाम्या ओढा, दुतर्फा दोर बांधा. म्हणाले, ‘धर्मात कायदा आणू नको.’ अहो, धर्मस्वातंत्र्य देणारं घटनेचं कलम 25 च सुरू होतं ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या ‘अधीन राहून’. परंपरा मोडा असं मी म्हणत नाही. भगतानं स्वतःच्या अंगावर काय घ्यायचं ते घ्यावं. पोरानं नवस बोलला नव्हता.

रावेरचा केळीवाला
भाच्याचं ऐकून वाईट वाटलं. पण रिकाम्या गाड्या ओढायच्या तर त्या बारागाड्या कशाला म्हणायच्या? गाडीवर बसायचा पण नवस असतो भाऊ. मी सव्वा महिन्याचा असताना आई मला मांडीवर घेऊन बसली होती. आणि कायदा नेमका खेड्यातल्या जत्रेतच का आठवतो? शहरात रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, असा नियम आहे म्हणे. वरातीतला डीजे कधी दहाला थांबलेला पाहिलाय? बैलगाडा शर्यतींवर 2014 ला बंदी आली, 2023 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं मान्य केल्या. लोकांची रीत कोर्टाला पण कळते.

धुळ्याचा वकील
मान्य केल्या त्या नियमांसह. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, बैलांची तपासणी. बैलाला जेवढं संरक्षण मिळालं तेवढंच गिरणाकाठ भाच्यासाठी मागताहेत.

लाऊडस्पीकरचं म्हणाल तर 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की भोंगा लावून दुसऱ्याची शांती मोडा असं कुठलाच धर्म सांगत नाही. नियम पाळला जात नाही हे खरं, पण म्हणून इथेही सोडा हे कसलं उत्तर? उलटी बाजूही ऐका. केरळात ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची तीन मुलं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण गात नसत. शाळेनं काढून टाकलं. 1986 मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. त्यांच्या गप्प राहण्यानं कुणाचं नख तुटलं नव्हतं. मी रेघ तिथे ओढतो.

सातपुड्याखाली
तुमची रेघ धडगाव-अक्कलकुव्याकडे आणून बघा. इथे ताप उतरला नाही की एखाद्या विधवेला डाकीण ठरवतात. बहुतेक वेळा तिच्या नावावर थोडी जमीन असते, हा योगायोग समजा! 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. ठरवणाराही म्हणतो, आमची श्रद्धा. मग केळीवाले भाऊ, तिथेही रीत म्हणून सोडायचं?

रावेरचा केळीवाला
डाकीण आणि देव एका ताटात वाढू नका राव. ते पाप आहे, आत टाका त्यांना. बारागाड्यांत कुणाचं वाईट करायचा हेतूच नसतो.

अमळनेरनी काकू
भाऊ, देव मोठा शे, पन चाकले डोया नही. मी दर साल जास, नातूले घर ठेवस.

गिरणाकाठ
काकू, माझ्या बहिणीनंही ठेवलं होतं. तो मागच्या दारानं पळाला. हेतूचं मला मान्य आहे, केळीवाले. आमचे भगतबुवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले, पोराच्या पायावर भंडारा लावला आणि रडले. नवस तेवीस वर्षांचा आहे, मधे सोडता येत नाही म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही. पण पायात सळई आहे, आणि पंच अजून म्हणतात की देवाच्या कामात असं होतंच.

रावेरचा केळीवाला
दोर चालेल. लटकणाऱ्या पोरांना खाली उतरवायला चार माणसं लावा, तेही चालेल. गाड्या रिकाम्या नाही.