लेंटमध्ये सोडायचं ते आनंदानं की रडत?

सदरकर
राखेच्या बुधवारी लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू झाला तेव्हापासून आमच्याकडे एकच विषय, कोण काय सोडणार. कोणी मटण, कोणी चहा, कोणी रील्स, आणि चेहरे मात्र असे की घरात कोणी गेलंय. मला हे अजिबात पटत नाही. लूक ९:२३ मध्ये येशू म्हणतो स्वतःला नाकार, रोज वधस्तंभ उचल. हे कडक आहे आणि ते कडकच राहू द्यावं. पण मत्तय १३:४४ मधला तो शेतात ठेव सापडलेला माणूस बघा ना, सगळं विकून टाकतो, पण आनंदाच्या भरात. आधी ठेव दिसली, मग विकलं. आपण आधी विकतो आणि आनंद कधी येतो म्हणून वाट बघत बसतो. उलट मार्क १० मधला श्रीमंत माणूस, त्याची मालमत्ता शाबूत राहिली आणि तोच खिन्न होऊन गेला. ख्रिस्तातला आनंद ज्याच्या मुळाशी नाही तो नुसता डाएट आहे, त्याला ख्रिस्ती त्याग म्हणू नका.

मोहननगरची ताई
भाऊ, काय सोडू हा प्रश्न बायांना पडतो तरी का? माझ्या सासूबाई वर्षभर सगळ्यांचे डबे भरून शेवटी कालची पोळी चहात बुडवून खातात. त्यांना वेदीवरून 'स्वतःला नाकारा' सांगितलं की त्या अजून काहीतरी कमी करतात, मागच्या लेंटमध्ये गुडघ्याची गोळी बंद केली प्रभूसाठी म्हणून, आणि ईस्टरला जिना उतरता येईना. सासऱ्यांनी काय सोडलं, तर तंबाखूचा खर्रा, तोही फक्त शुक्रवारी. आनंद आधी की नंतर हे नंतर बघू, आधी सांगा कोणाला सांगताय.

सदरकर
ताई, म्हणूनच मी मुळाशी जायचं म्हणतोय. योहान १०:१८ मध्ये येशू स्पष्ट सांगतो, माझा जीव कोणी हिसकावून घेत नाही, मी आपणहून देतो. सासूबाईंचं तसं नाही, त्यांच्याकडून ते गृहीत धरून घेतलं जातंय. यशया ५८ मधला उपास म्हणजे जू सोडणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं. त्या हिशोबानं सासऱ्यांचा उपास म्हणजे सकाळी उठून डबे भरणं.

बुटीबोरी नाईटशिफ्ट
मले सदरकर भाऊचं अर्धंच पटते. आनंद येईपर्यंत थांबलं तर कोणीच काही सोडणार नाही जी. मी दारू सोडली तवा कित्येक महिने आनंदाचं नाव नव्हतं, नागपुरात बर्डीवरून घरी जाताना ते दुकान लागू नये म्हणून उन्हातान्हात लांबून फिरून जायचो अन् रोज चिडचिड व्हायची. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत येशू तरी कुठं हसत होता? इब्री १२:२ पाहा, आनंद त्याच्या पुढं ठेवला होता, हातात नव्हता. आधी सोडा लागते, आनंद मांगून येते.

हिस्लॉपचा माजी
एक वेगळा मुद्दा. स्वतःला नाकारणं म्हणजे स्वतःची आवड मारणं असं आपल्याकडे धरूनच चालतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंड सोडून १८४५ मध्ये नागपुरात आले, १८६३ मध्ये इथंच टाकळघाटच्या दौऱ्यात नाल्यात बुडून गेले, त्यांच्या नावाचं कॉलेज तर १८८३ चं. त्याग म्हणायचा तर हा. पण तोच माणूस टाकळीला जीवाश्म गोळा करत फिरायचा, गोंडांची गाणी लिहून घ्यायचा, हिस्लॉपाइट नावाचं खनिजही त्यांच्याच नावावरून. घर सोडलं, दगडांचं वेड सोडलं नाही. आणि लेंटचे ४० दिवस मोजताना रविवार धरतच नाहीत, तो पुनरुत्थानाचा दिवस, मग रविवारीसुद्धा तोंड पाडून कशाला बसायचं?

सदरकर
नाईटशिफ्ट भाऊ, लांबून फिरून जात होता तेव्हा पुढं काहीतरी दिसत असेलच ना?

बुटीबोरी नाईटशिफ्ट
पोरगी माह्याशी बोलत नव्हती. तिनं एकदा जेवाले हाक मारावी, एवढंच दिसत होतं.

सदरकर
मग तीच तुमची ठेव. शेत विकत घ्यायच्या आधी दिसलेली.

बुटीबोरी नाईटशिफ्ट
हाव, दिसत होती. पण दिसली म्हणून चालणं सोपं नाही झालं, हे पोरायले सांगत जा. नाही तं आनंद नाही वाटला की ते दुसऱ्याच दिवशी सोडून देते.

मोहननगरची ताई
तुम्हाला निदान काय हवं ते माहीत होतं. सासूबाईंना काय हवं हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा कालच विचारलं, तर म्हणाल्या एकदा उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना पुढच्या बाकावर बसून पूर्ण ऐकायची आहे, स्वयंपाकाची घाई नको. या वर्षी बसणार आहेत. आणि पाळकसाहेबांना मी येत्या रविवारी विचारणार आहे की नवऱ्यांना काय सोडायला सांगता ते.