श्रावणबाळचे पैसे एकीला आले, दुसरीला नाही: मदत हवी आहे

वाडीवस्ती: एकाच गल्लीतल्या दोन आजी, दोघींचं श्रावणबाळ (वृद्धांसाठीची राज्याची मासिक निवृत्तिवेतन योजना) मंजूर. एकीच्या पासबुकात १३०० आणि २०० अशा दोन नोंदी दिसतात. दुसरीला एकरकमी १५०० यायचे, ते दोन महिने आलेले नाहीत. तहसीलमध्ये ‘अनुदान आलं नाही’ एवढंच सांगतात. तालुका एक, योजना एक, मग असं का? आणि तिथे नेमकं विचारायचं काय?

लेखाशीर्ष: योजनेचं नाव एक असलं तरी पैशाचे झरे वेगळे आहेत. पहिल्या आजी गट ‘अ’ मध्ये, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. त्यांना २०० केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतून आणि १३०० राज्याचे. दुसऱ्या आजी गट ‘ब’: यादीत नाव नाही, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. त्यांचे सगळे १५०० राज्याच्या तिजोरीतून.

शिवाय राज्याचं अनुदानही सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा तीन लेखाशीर्षांत (म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या वेगळ्या कप्प्यांत) विभागून येतं. एकात तरतूद उरलेली असते, दुसऱ्यात संपलेली. आणि इकडचा पैसा तिकडे फिरवता येत नाही. त्यामुळे ‘अनुदान आलं नाही’ हे खरंही असू शकतं. म्हणून विचारायचं ते असं: आजी कोणत्या गटात, कोणत्या लेखाशीर्षात, आणि त्या लेखाशीर्षातून इतरांना त्या महिन्याचं वाटप झालं का?

वाडीवस्ती: केंद्राचे २०० च का? ८० नंतर ५०० होतात ना?

लेखाशीर्ष: हो, ६० ते ७९ ला २००, ८० पासून ५००. २०० हा आकडा २००६ पासून हललेला नाही. त्याहून मोठी अडचण संख्येची. प्रत्येक राज्याला लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिली आहे, तीही २००१ ची जनगणना आणि २००४-०५ चं गरिबीचं प्रमाण धरून. देशभर मिळून साधारण २.२१ कोटी. म्हातारे वाढले, कोटा तोच. त्यापुढचा भार राज्यांचा. म्हणूनच आंध्रात २०२४ पासून ४००० मिळतात, तर बिहारात २०२५ च्या मध्यापर्यंत ४०० होते, मग ११०० झाले. केंद्राचे २०० दोन्हीकडे सारखेच. बाकी ज्याच्या त्याच्या तिजोरीची ताकद आणि, खरं सांगायचं तर, निवडणुकीचं वारं.

खातेउतारा: लेखाशीर्षाकडे जाण्याआधी आधार तपासा. २०२४ च्या अखेरीपासून पैसे डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात, येऊ लागले. डीबीटी खातेक्रमांक बघत नाही; आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं, तिथल्या खात्यात रक्कम जाते. मध्ये कोणी आजींचं नवं खातं उघडून दिलं असेल, तर जुन्या पासबुकात कितीही नोंदी मारा, काही दिसणार नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (आधार कोणत्या बँकेशी जोडलं आहे ते) बघा. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा. बँक भलतीच निघाली तर आधी त्या खात्याचा उतारा काढा, पैसे बहुधा तिथेच पडून असतात. मग हव्या त्या शाखेत आधार जोडणीचा संमती अर्ज द्या. ‘खात्याला आधार आहे’ असं शाखेने सांगितलं तरी थांबू नका. केवायसीचं (ओळख पटवण्यासाठी दिलेलं) आधार वेगळं, डीबीटीची जोडणी वेगळी.

स्टेटस ‘इनॅक्टिव्ह’ असेल तरी हाच अर्ज.

लेखाशीर्ष: आणि हयातीचा दाखला? तो राहिला की नाव थांबतं, आणि कळवत कोणी नाही. गट ‘ब’ असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची तारीखही बघा. मुलाच्या नावासकट एकच रेशनकार्ड असलं की त्याचं उत्पन्न धरलं जातं आणि २१,००० ची मर्यादा लगेच ओलांडली जाते.

वाडीवस्ती: स्टेटसमध्ये दुसरीच बँक निघाली! उतारा काढायला उद्या जातोय.

खातेउतारा: आजींना सोबत न्या, अंगठा लागेल.