'आणि', 'किमान', 'पर्यंत', 'वगळून': एक्सेलच्या काउंटइफ्समध्ये (सगळ्या अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारं सूत्र) यांचं काय करायचं?

प्रश्न
सूचना अशी आहे: "पूर्ण आणि प्रलंबित नोंदी मोजा. रक्कम किमान ५०००, तारीख ३१ मार्चपर्यंत, चाचणीच्या नोंदी वगळून." सगळ्या अटी एकाच काउंटइफ्समध्ये घातल्या तर उत्तर ० येतं. शब्द चुकलेत की सूत्र?

प्रतिसाद १
सूत्र. बोलण्यातला 'आणि' इथे दोन गट एकत्र धरायला सांगतोय. काउंटइफ्सचा 'आणि' मात्र प्रत्येक ओळीला सगळ्या अटी एकदम लावतो, आणि एकच सेल 'पूर्ण'ही नि 'प्रलंबित'ही असू शकत नाही. म्हणजे तुम्हाला हवा आहे 'किंवा'. दोन काउंटइफ्स लिहून बेरीज करा, बाकीच्या अटी दोन्हींत तशाच ठेवा. दोन्ही शब्द एकाच रकान्यातले आहेत म्हणून हे चालतं. वेगवेगळ्या रकान्यांतले असते तर दोन्हींत बसणाऱ्या ओळी दोनदा मोजल्या गेल्या असत्या, त्या एकदा वजा कराव्या लागतात.

प्रतिसाद २
'किमान' म्हणजे >= आणि 'पेक्षा जास्त' म्हणजे नुसतं >. इथवर वाद नाही. चिन्ह अवतरणात, सेलचा पत्ता बाहेर, मध्ये &, असं: ">="&एफ१. पत्ता अवतरणात गेला की तो साधा मजकूर ठरतो आणि आकड्यांच्या रकान्यात ० मिळतो.

खरी गोम 'पर्यंत'मध्ये. मराठीत ३१ मार्चपर्यंत म्हटलं की ३१ तारीख धरलेली असते, म्हणून सगळे <= लावतात. पण तारखेला वेळ चिकटलेली असेल तर ३१ मार्च दुपारी २ ची नोंद गळते, कारण नुसती तारीख म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र, ०० वाजता. < लावून १ एप्रिल द्या, वेळ असो वा नसो बरोबर येईल. 'च्या आत' हा शब्द मात्र सूचनेत येऊच देऊ नये. शेवटची तारीख धरायची की नाही हे त्यातून कळत नाही, लिहिणाऱ्यालाच विचारा.

प्रतिसाद ३
'वगळून'साठी "<>चाचणी" लिहिलंत तर रिकामे सेलही मोजले जातात, कारण रिकामा सेलही 'चाचणी' नसतोच. रिकामे नको असतील तर त्याच रकान्याची आणखी एक जोडी (पट्टा आणि निकष, म्हणजे कुठे पाहायचं आणि कोणती अट) द्या, निकष "?*", म्हणजे किमान एक अक्षर असलेला मजकूर. नुसतं "<>" वापरलंत तर सूत्रातून रिकामा मजकूर आलेले सेल भरलेले धरले जातात.

प्रतिसाद ४
सूचनेत 'नोंद' म्हणजे अख्खी ओळ. काउंटइफ (एकाच अटीचं सूत्र) ओळी मोजत नाही, सेल मोजतो. बी२:डी२०० असे तीन रकाने दिले आणि एका ओळीत 'पूर्ण' दोनदा आलं तर ती नोंद दोन ठरते. काउंटइफ्समध्ये सगळे पट्टे सारख्याच आकाराचे लागतात, एकही ओळ कमी पडली की व्हॅल्यूची त्रुटी (#VALUE!) येते.

प्रतिसाद ५
'पूर्ण असलेल्या' आणि 'पूर्ण हा शब्द असलेल्या' यांतही गल्लत नको. दुसऱ्यासाठी "*पूर्ण*" लिहिलंत की 'अपूर्ण'ही त्यात येतं! आणि नुसतं "पूर्ण" देऊन आकडा कमी येत असेल तर शब्दामागे जागा सुटली आहे का पाहा. ट्रिमने (जादा जागा काढणारं सूत्र) ती जाते. वेबपानावरून चिकटवलेली, अक्षर-क्रमांक १६० ची जागा (दिसायला साधीच) ट्रिमला हलत नाही, ती आधी सबस्टिट्यूटने (एक अक्षर बदलून दुसरं घालणारं सूत्र) काढा.