आधी पान उलटून बघा

मनी प्लांटच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखे फिकट ठिपके आले, काय करू, असं इथे एकाने विचारलंय. त्यावर मॅग्नेशियम कमी आहे, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) द्या, असं कुणी सुचवलंय. मला ते पटत नाही. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. असे टोचल्यासारखे ठिपके बहुतेक वेळा लाल कोळ्याचे, म्हणजे पानातला रस शोषणाऱ्या अगदी बारीक किडीचे असतात. पांढऱ्या कागदावर पान झटका. पडलेले कण चालू लागले तर खताचा विषयच संपला. पानाच्या मागे, देठाशी बारीक जाळीही सापडते. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या कोरड्या उष्म्यात ही कीड फार झपाट्याने वाढते. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, दर तीन-चार दिवसांनी, कारण अंडी त्यातून वाचतात.

पानं पिवळी पडण्याचं आणखी एक कारण म्हणजे बोअरचं पाणी, त्याबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. आमच्या लातूरकडे ते इतकं जड, म्हणजे क्षारांचं, की कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात. तिथे एप्सम सॉल्टचा काहीच उपयोग नाही. पावसाचं पाणी साठवून घाला, नवी पालवी हिरवी येते.